फॅन्टसीत पारडं कुणाचं जड : नायकाचं की खलनायकाचं?

किल्लेदार

कुठल्याही फॅन्टसी कादंबरीचा पहिला तिसरा हिस्सा वाचून पैज लावायची झाली, तर शहाणा माणूस खलनायकावर लावेल. फौज त्याची, हेर त्याचे, किल्ले त्याचे आणि घाई मात्र समोरच्याला. तरी बहुतेक वेळा हरतो तोच. ‘लेखकाने ठरवलं म्हणून’ हे उत्तर इथे बाद. ते प्रत्येक गोष्टीला लागू पडतं, त्यामुळे त्यातून काही कळत नाही.

माझं म्हणणं असं : जे मोजता येतं ते सगळं खलनायकाकडे असतं. नायकाकडे एकच गोष्ट असते, ती म्हणजे त्याचा खरा हेतू समोरच्याच्या डोक्यात शिरत नाही. हेतू झाकलेला आहे तोवर पारडं नायकाचं. तो उघडा पडला की फौजेचा हिशेब सुरू होतो आणि त्यात नायक मार खातो.

उदाहरण बहुतेकांच्या वाचनातलं घेऊ, टॉल्किनचं ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५). न वाचलेल्यांसाठी एका ओळीत : खलनायक सॉरॉनची ताकद एका हरवलेल्या अंगठीत आहे, आणि फ्रोडो व सॅम हे दोन हॉबिट (बुटके लोक) ती त्याच्याच मुलखात, मॉर्डोरमध्ये, गुपचूप नेऊन नष्ट करायला निघालेत. बाकीचे तोवर लढतायत. आकडे पुस्तकातच आहेत. रोहान राज्यातल्या हेल्म्स डीप गडावर फितूर जादूगार सारुमानचे किमान दहा हजार. आत पायी लढू शकतील असे हजारभर, त्यातले बरेचसे एक तर फार म्हातारे नाहीतर फार कोवळे, शिवाय रोहानचा राजा थेओडेन याच्याबरोबर आलेले हजाराच्या वर स्वार. नायकाच्या बाजूची राजधानी मिनास तिरिथ, तिच्या मदतीला दक्षिणेकडच्या सगळ्या मुलखांतून मिळून तीन हजारही माणसं येत नाहीत. रोहानचे सहा हजार भाले. शेवटी मॉर्डोरच्या काळ्या दरवाजाकडे सात हजार निघतात आणि पोचेपर्यंत सहा हजारांच्या आत येतात. समोर दहापट, किंबहुना त्याहून जास्त. तलवारीच्या जोरावर हे जिंकता येणार नाही, असं नायकाच्या बाजूचा जादूगार गँडाल्फ निघण्याआधीच्या मसलतीत स्वच्छ सांगतो.

मग कामी काय आलं? बोला.

तिरशिंगराव

खलनायक हरतो कारण तो हसण्यात आणि भाषण ठोकण्यात वेळ घालवतो. धागा बंद करायला हरकत नाही.

किल्लेदार

@तिरशिंगराव, सॉरॉन अख्ख्या पुस्तकात एकदाही समोर येत नाही, भाषण तर लांबच. पलांतीरमधून (दूरचं दाखवणारा जादूचा दगड) पिपिन नावाच्या हॉबिटला तो जे दोनचार शब्द ऐकवतो, तेही आपल्याला पिपिनच्या तोंडून कळतात.

निशिगंधा

परिशिष्टातला कालपट समोर ठेवून वाचलं की किल्लेदारांचा मुद्दा जास्त नीट दिसतो. तिसरं युग, वर्ष ३०१९, मार्च महिना. फक्त कामाच्या तारखा घेते :

५ मार्च : पिपिन ऑर्थँकच्या, म्हणजे सारुमानच्या बुरुजातल्या, दगडात पाहतो. सॉरॉनची समजूत होते की अंगठीवाला हॉबिट सारुमानच्या कैदेत आहे. माहिती मिळाली, पण चुकीची.

६ मार्च : नायकाच्या बाजूचा, राजवंशातला ॲरागॉर्न मुद्दाम त्याच दगडातून स्वतःला दाखवतो, जोडून घडवलेल्या तलवारीसकट. सॉरॉन मनाशी जुळवतो : पूर्वी त्याच्या हातून अंगठी हिरावणाऱ्या इसिल्दुरचा वारस, तलवार आणि बहुधा अंगठीही.

१० मार्च : सॉरॉनची मॉर्गुल गडावरची फौज बाहेर पडते. तयारी पूर्ण व्हायच्या आधीच घाव घातला, कारण नव्या मालकाला अंगठी वापरायला शिकायची सवड द्यायची नव्हती. नेमकं त्याच दिवशी फ्रोडो, सॅम आणि अंगठीचा जुना मालक गॉलम चौरस्त्यावरून पुढे जातात आणि ती फौज जाताना बघतात.

१३ मार्च : फ्रोडो पकडला जातो. त्याच दिवशी ॲरागॉर्न पेलार्गिरला सॉरॉनच्या बाजूच्या चाच्यांचा ताफा ताब्यात घेतो, नुसती मोठी जहाजंच पन्नास.

१५ मार्च : मिनास तिरिथसमोरची, पेलेनॉरची लढाई.

१८ मार्च : सात हजार काळ्या दरवाजाकडे निघतात.

२५ मार्च : अंगठी नष्ट.

६ ते १० हे चार दिवस सगळ्यात महत्त्वाचे. तोवर चाल सॉरॉनची असायची आणि बाकीचे धावाधाव करायचे. ६ तारखेनंतर तो उत्तरं द्यायला लागतो. १८ तारखेनंतर तर तो मॉर्डोरच्या आतल्या तुकड्याही उत्तरेकडे ओढतो. म्हणजे ज्या गोर्गोरोथच्या पठारावरून दोन उपाशी हॉबिटांना चालत जायचं आहे ते त्याने स्वतःच्या हाताने मोकळं करून दिलं. आणि ज्या डोंगरात अंगठी नष्ट होऊ शकते त्याच्या दारावर एकही पहारेकरी नाही.

खडूफळा

कालपट छान मांडलाय. पण निष्कर्षावर माझी हरकत आहे. सॉरॉनचा अंदाज चुकला असं सरसकट म्हणता येणार नाही. ‘अंगठी हातात आल्यावर कुणी ती नष्ट करणार नाही’ हा त्याचा आडाखा होता. इसिल्दुरला ते जमलं नाही. फ्रोडोलाही जमलं नाही, अगदी कड्यावर उभा राहून त्याने अंगठी आपली म्हटली. म्हणजे आडाखा शंभर टक्के बरोबर! चुकलं ते एवढंच, की कुणी तसा प्रयत्न करायला तिथवर येईल हे त्याच्या गणितात नव्हतं. शेवट झाला तो गॉलमच्या दातांनी. आणि गॉलम जिवंत होता कारण बिल्बो, फ्रोडो आणि सॅम तिघांनीही वेगवेगळ्या वेळी त्याला मारायचं टाळलं. हा लपवलेला हेतू नव्हे, हे आधी गुंतवलेलं भांडवल आहे. तेव्हा किल्लेदार, तुमची ‘एकच गोष्ट’ अपुरी पडते.

दुसरं, खलनायकाच्या गोटातला घर्षणाचा खर्च कुणी धरत नाही. फ्रोडोला कैद करून ठेवलेल्या सिरिथ उंगोलच्या बुरुजाचंच बघा. कैद्याला धक्का लावू नका आणि त्याच्याजवळची प्रत्येक वस्तू वर पाठवा, असा स्पष्ट हुकूम होता. शाग्राटची माणसं हुकूम पाळणारी, मिनास मॉर्गुलहून आलेल्या गोर्बागचा डोळा फ्रोडोच्या मिथ्रिल या मौल्यवान धातूच्या चिलखतावर. एका अंगरख्यासाठी दोन्ही तुकड्या एकमेकांना कापून काढतात आणि सॅमला लढायला जवळजवळ कुणी उरतच नाही. धाकावर चालणाऱ्या फौजेत असं होणारच. वाईट बातमी वर जात नाही, कारण सांगणाऱ्याचं काय होतं ते सगळ्यांना माहीत असतं. आणि चांगला माल वाटेत मुरतो.

अक्षौहिणी

खडूफळा यांच्या घर्षणाच्या मुद्द्याला महाभारतातून जोड देतो. कौरव ११ अक्षौहिणी, पांडव ७. एका अक्षौहिणीत २१,८७० रथ, तितकेच हत्ती, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पायदळ, एकूण २,१८,७००. म्हणजे २४,०५,७०० विरुद्ध १५,३०,९००. कागदावर कौरव दीडपटीहून जास्त.

आता त्यातलं वापरता येण्याजोगं किती ते बघा. भीष्मांनी दहा दिवस सेनापतिपद सांभाळलं, पण पांडवांना मारणार नाही हे आधीच सांगून. भीष्म आहेत तोवर शस्त्र धरणार नाही म्हणून कर्ण बाहेर. अठरा दिवसांच्या युद्धातले पहिले दहा दिवस दुर्योधनाचा हुकमी एक्का तंबूत बसून. इंद्राने दिलेली एकदाच वापरता येणारी शक्ती अर्जुनासाठी राखून ठेवलेली, ती चौदाव्या रात्री घटोत्कचावर खर्च झाली. ती तशी खर्च व्हावी म्हणूनच घटोत्कचाला पुढे केलं होतं. सतराव्या दिवशी कर्णाचा सारथी शल्य, आणि त्याने कर्णाचं खच्चीकरण करावं हे युधिष्ठिराने त्याच्याशी युद्धाआधीच ठरवून घेतलेलं.

तेव्हा फौज किती हा आकडा निम्माच. त्यातली किती मनापासून तुमची, हा दुसरा निम्मा.

ओवी_

रामायण-महाभारताला फॅन्टसीच्या पंक्तीला बसवणं मला पटत नाही. तो इतिहास-पुराणाचा प्रांत आहे, त्याचे नियम वेगळे. बाकी चालू द्या.

अक्षौहिणी

@ओवी_, पंक्ती वेगळ्याच आहेत, मान्य. इथे फक्त डावपेचांपुरतं घेतलंय. अमरत्वाचा वर मागताना एक फट राहते आणि तिथूनच मरण येतं, ही रचना आजच्या फॅन्टसीला आपल्याकडूनही पुरवता येते एवढंच. रावणाने देव, गंधर्व, यक्ष, राक्षस, नाग सगळ्यांपासून अभय मागितलं आणि माणसाला मोजलंच नाही. सॉरॉनचे भुतासारखे नोकर नाझगुल, त्यांच्या सरदाराबद्दलचं ‘पुरुषाच्या हातून मरणार नाही’ हे भाकीत तिकडचं. तिथे एओविन ही बाई आणि मेरी हा हॉबिट येतात.

निशिगंधा

आणि त्यात मेरीच्या हातातला खंजीर आंगमारविरुद्धच्या, म्हणजे त्या सरदाराच्या जुन्या राज्याविरुद्धच्या, युद्धासाठीच घडवलेला होता, हे विसरू नये. नुसती शब्दांची फट नाही, हत्यारही योग्य लागलं. ही तजवीज टॉल्किनने पहिल्या खंडातच करून ठेवली आहे, थडग्यांच्या टेकड्यांवर. लढाईच्या प्रकरणात अचानक तो खंजीर काढला असता तर वाचकाने पुस्तक भिरकावलं असतं.

वीसपैलू

टेबलावर हाच प्रश्न फाशांनी सुटतो म्हणून माझे दोन पैसे. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या गोष्टीच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत (२०१४) एकटा खलनायक विरुद्ध चार नायक अशी लढत लावली की खलनायक मरतो, तो कितीही तगडा असो. कारण ॲक्शनचा हिशेब. एका फेरीत त्याला एक पाळी, समोरच्यांना चार. पहिल्याच फेरीत कुणी ‘होल्ड मॉन्स्टर’ (समोरच्याला जागीच गोठवणारा मंत्र) टाकला आणि त्याचा बचाव हुकला, तर बाकीचे तिघं त्याला उभ्या उभ्या कापतात.

म्हणून नियमांत खलनायकाला ठिगळं लावली आहेत. प्रौढ लाल ड्रॅगन घ्या : चॅलेंज (अवघडपणा) १७, आर्मर क्लास (त्याला फटका लागणं किती कठीण) १९, हिट पॉइंट (जीव) २५६. शिवाय दिवसातून तीनदा हुकलेला बचाव यशस्वी ठरवायची मुभा. दुसऱ्यांच्या पाळीनंतर वापरायच्या तीन जादा लेजंडरी ॲक्शन, प्रत्येक फेरीला. स्वतःच्या गुहेत असेल तर इनिशिएटिव्ह (पाळीचा क्रम) २० वर गुहेचीच एक चाल. आगीचा फूत्कार १८ सहापैलू फाशांचा, सरासरी ६३, पण एकदा वापरल्यावर परत मिळायला दर फेरीला सहापैलू फाशावर ५ किंवा ६ पडावे लागतात, म्हणजे तिनात एक संधी.

सगळं लावूनही चूक होते ती जागेची. ड्रॅगनला बंद खोलीत जमिनीवर उभं केलं की त्याचं उडणं वाया गेलं. छत किमान ६० फूट उंच ठेवा आणि त्याला भिडायला लावू नका. फूत्कार, मग वर, मग परत. भाडोत्री सैनिक चारसहा असतील तर जादूगारांना मोठा डाव ड्रॅगनसाठी राखून ठेवणं जड जातं.

आता किल्लेदारांच्या हेतूच्या मुद्द्यावर. टेबलावर तो उलटा होतो. खेळाडू आपली योजना खेळ चालवणाऱ्या गेम मास्टरसमोरच मोठमोठ्याने ठरवतात आणि खलनायकही गेम मास्टरच चालवतो. त्यामुळे त्याला सगळं आधीच ठाऊक. यावर उपाय एकच : सत्र सुरू होण्याआधी खलनायकाला काय माहीत आहे आणि तो आज काय करणार हे तीन ओळींत लिहून कागद पालथा घालायचा. खेळाडूंचं ऐकून त्या ओळी बदलायच्या नाहीत.

तिरशिंगराव

छत ६० फूट! ड्रॅगनला वन बीएचकेत ठेवणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

खडूफळा

पालथ्या कागदाची युक्ती लेखकांनाही लागू आहे, त्यावर नंतर लिहितो. आधी किल्लेदारांच्या सिद्धांताला एक आडवं उदाहरण. हॅरी पॉटरच्या शेवटच्या भागात १ मे १९९८ ला ग्रिंगॉट्स बँकेतून चषक चोरीला गेल्यावर खलनायक व्होल्डेमॉर्टला कळतं की पोरं त्याचे हॉरक्रक्स (ज्यांत त्याने आत्म्याचे तुकडे दडवलेत त्या वस्तू) शोधतायत. हेतू उघडा. तरी दुसऱ्या दिवशी हरतो कोण? तोच.

किल्लेदार

उदाहरण चांगलं आहे, पण तारखा बघा. हेतू उघडा पडला तेव्हा डायरी, अंगठी आणि लॉकेट संपलेले, चषक हातात. उरला मुकुट आणि साप, शिवाय खुद्द हॅरी. आणि उघडं पडल्यावरही व्होल्डेमॉर्टने वाया घालवले ते तास कशात? लपवलेल्या जागा तपासण्यात. आधी गाँटची झोपडी, मग गुहेतलं तळं, मुकुट जिथे होता ती हॉगवर्ट्स शाळा सगळ्यात शेवटी, कारण तिथली जागा सगळ्यात सुरक्षित असं तो धरून चालला होता. हेतू कळला, पण प्रगती किती झाली ते कळलं नाही. त्यामुळे माझं वाक्य थोडं रुंद करतो : हेतू किंवा प्रगती, दोन्हींपैकी एक तरी झाकलेलं हवं.

निशिगंधा

मग उलट बाजूही तपासा. दोन्ही उघडं पडलं की काय होतं ते टॉल्किनच्याच ‘सिल्मॅरिलियन’मध्ये आहे (१९७७ साली छापून आलं). पहिल्या युगाच्या ४७२ व्या वर्षीची निर्नाएथ आर्नोएदिआदची लढाई. एल्फांचा सरदार मॅड्रॉस, त्याचा बेत दुहेरी होता : पूर्वेकडून तो खलनायक मॉर्गॉथची फौज मैदानात ओढणार, मग पश्चिमेकडून एल्फांचा राजा फिंगॉन तुटून पडणार. गोंदोलिन या लपलेल्या शहरातून तुर्गॉन दहा हजार घेऊन अनपेक्षितपणे आला, म्हणजे हिशेबही फार वाईट नव्हता.

पण बेत मॉर्गॉथला हेरांकडून आधीच कळलेला. फितूर झालेली उल्फांगची मंडळी मॅड्रॉसच्या गोटातच होती. त्यांनी खोट्या बातम्या देऊन पूर्वेकडची फौज रखडवली. पश्चिमेला मॉर्गॉथने गेल्मिर नावाच्या कैद्याला सैन्यासमोर आणून हातपाय तोडून मारलं. त्याचा भाऊ ग्विन्दोर रांगेतच होता, त्याच्याने राहवलं नाही. एक तुकडी सुटली आणि सगळी फळी ठरलेल्या वेळेआधी मैदानात. पुढे मॅड्रॉस पोचला तेव्हा ऐन लढाईत फितुरांनी त्याच्या पिछाडीवर घाव घातला. फिंगॉन मारला गेला. त्यानंतर ५१० मध्ये गोंदोलिन पडलं, तेही घरातल्याच माणसाच्या फितुरीने.

इथे मॉर्गॉथने नेमकं तेच केलं जे पुढे ॲरागॉर्नने सॉरॉनला केलं : समोरच्याला ठरलेल्या वेळेआधी बाहेर ओढलं. तेव्हा हे हत्यार नायकाचं किंवा खलनायकाचं नाही. जो आधी वापरेल त्याचं.

किल्लेदार

हे मान्य. नायकाला ते जास्त वेळा मिळतं, कारण त्याच्याकडे दुसरं काही नसतं.

चिमणराव२

मग देवकीनंदन खत्रींच्या ‘चंद्रकांता’चं (१८८८) काय? तिथे दोन्हीकडे ऐयार, म्हणजे वेषांतर करणारे हेर. कोण कुणाच्या वेषात आहे कुणालाच कळत नाही, हेतू दोन्ही बाजूंचे सारखेच झाकलेले. निकाल लावतं तिलिस्म (जादूने बंद केलेली कोड्यांची जागा), आणि ते नायक वीरेंद्रसिंहाच्याच हातून तुटायचं असतं. खलनायक क्रूरसिंहाने कितीही ऐयार पाठवले तरी ते कुलूप त्याच्यासाठी नाहीच. तिथे पारडं पहिल्या पानापासून नायकाचं.

खडूफळा

म्हणूनच तिथे ताण ‘जिंकेल का’ याचा नसतो, ‘पुढच्या खोलीत काय’ याचा असतो. वाचनाची मजा वेगळी, कमी नाही.

शाईपेन

मी एक कादंबरी लिहितेय. खलनायिकेकडे आरसा आहे, त्यात राज्यातलं कुठलंही ठिकाण दिसतं. आता नायकाने काहीही केलं तरी तिला दिसणार. आरसा काढून टाकू का? आणि तुम्ही कालपट वगैरे म्हणता तो प्रत्यक्षात कसा करायचा?

खडूफळा

आरसा काढू नका. कालपटाचं आधी.

पहिल्यांदा खलनायिकेचं कॅलेंडर लिहा, त्यात नायक नाहीच असं धरून. कुठल्या तारखेला ती काय करणार, आणि कुणी आडवं आलं नाही तर ती कधी जिंकते. ही जिंकण्याची तारीख नसेल तर नायकाला घाई का आहे ते वाचकाला कधीच कळत नाही.

मग प्रत्येक प्रकरणासाठी दोन ओळी : तिला आज काय माहीत आहे, आणि त्यातलं खोटं किती. बहुतेक हस्तलिखितं इथेच फसतात. सहाव्या प्रकरणात तिला कळलेली गोष्ट नवव्यात ती विसरते, कारण लेखकाला तेव्हा ती आड येते. वाचक विसरत नाही.

तिसरं, बातमीचा वेग. सामान्य घोडदळ सलग दिवस चाललं तर रोज ४०-५० किलोमीटर, जोर लावला तर जास्त. रोहानची राजधानी एडोरास ते मिनास तिरिथ सरळ रेषेत १०२ लीग, म्हणजे ३०६ मैल, साधारण ४९० किलोमीटर. रोहिरिम (रोहानचे स्वार) १० तारखेला निघून १५ च्या पहाटे पोचतात. ही दौड कमालीची आहे, आणि म्हणूनच वाटेत रस्ता अडवलेला असताना त्यांना रानातल्या लोकांनी जुनी वाट दाखवावी लागते. एक दिवस जरी वाढला असता तरी दरवाजा फुटल्यावर शहराचं काय झालं असतं ते उघड आहे. तुमच्या नकाशावर अंतरं लिहा, मगच ‘ऐन वेळी मदत पोचली’ लिहा.

निशिगंधा

आरशाचं मी सांगते. पलांतीरचा नियम उचला : दगड खोटं दाखवत नाही, पण जे दिसतं त्याचा अर्थ सांगत नाही. मिनास तिरिथचा कारभारी देनेथॉर, त्याला नदीतून वर येणारी काळ्या शिडांची जहाजं दिसली. जहाजं खरी होती. त्यावर ॲरागॉर्न आहे हे मात्र दिसलं नाही आणि तो खचला. तुमच्या आरशात ठिकाण दिसू दे, आवाज नको.

तिरशिंगराव

गरुडांवर बसवून अंगठी थेट का नाही नेली, हे अजून कुणी विचारलं नाही याचं आश्चर्य वाटतं.

निशिगंधा

विचारलंत, झालं. गरुडांचा राजा ग्वाइहिर गँडाल्फला पहिल्या खंडातच सांगतो की आपल्याला निरोप पोचवायला पाठवलंय, ओझी वाहायला नाही. आणि हेतूच्या हिशेबाने बघा : आकाशातून मॉर्डोरकडे थेट निघालेला गरुड सगळ्यांना दिसणार, म्हणजे झाकलेलं होतं ते उघडं. मार्च ३०१९ पर्यंत नाझगुलही पंखवाले झालेले. पायी जाणारे दोन हॉबिट कुणाच्या नजरेत भरत नाहीत.

शाईपेन

आवाज नाही हे आवडलं. पण मग ती ओठ वाचणारा माणूस नेमेल ना?

खडूफळा

नेमू दे. तो एकटाच असू दे आणि त्याला तिच्याशी खोटं बोलायला एक पक्कं कारण द्या. ते कारण पहिल्या पाच प्रकरणांत दिसलं पाहिजे, नाहीतर मेरीच्या खंजिराचा मुद्दा परत येईल.

शाईपेन

त्याची मुलगी नायकाच्या गावात आहे. तिसऱ्या प्रकरणात टाकते.

वीसपैलू

आणि खलनायिकेला हे माहीत आहे की नाही ते आत्ताच लिहून कागद पालथा घाला.